तपकिरीचा खड्डा

उजव्या हाताचा अंगठा वर करा. एखाद्या पोस्टला लाइक देतो तसा, पण जरा जास्त ताणून. आता अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला बघा. दोन दोऱ्या ताठ उभ्या राहिल्यात आणि त्यांच्यामधे एक छोटासा खड्डा पडलाय. पूर्वी लोक या खड्ड्यात चिमूटभर तपकीर ठेवून नाकानं ओढायचे. डॉक्टरांच्या पुस्तकातसुद्धा या जागेचं नाव तपकिरीच्या डबीवरूनच आलंय. दुसऱ्या हाताच्या बोटानं तिथं दाबून बघा.

दुखलं नाही ना? बरंय.

माझं दुखायचं. २०१५ च्या एप्रिलमध्ये इतकं दुखायचं, की मोटारसायकलचा ॲक्सिलरेटर पिळताना डोळ्यांत पाणी यायचं. आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. एका गोलकीपरनं काय सांगितलं नाही आणि त्याचं पुढं काय झालं, एवढीच ही गोष्ट आहे.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल तालमीतून आलाय. पेठेत तालीम, तालमीच्या नावानं टीम आणि टीमच्या मागं अख्खी पेठ. सीझन सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पोरं, त्यांचे बाप आणि आजे असे तिन्ही पिढ्यांचे लोक शेजारी बसून एकाच रेफ्रीला शिव्या घालतात. टीमचं नाव मी सांगणार नाही. कोल्हापूरचे असाल तर ओळखायचा प्रयत्न कराल. नका करू.

गोली मी ठरवून झालो नाही. सहसा कुणीच होत नाही. सातवीत असताना ग्राउंडवर मोठी पोरं टीम पाडायची, आणि सगळ्यात शेवटी जो उरेल त्याला गोलात उभा करायची. मी जाडा होतो, त्यामुळं रोज उरायचो. एके दिवशी एकानं जवळून दाणकन मारलेला बॉल माझ्या पोटावर बसला आणि परत गेला. श्वास अडकला, मी खाली बसलो. मागून कोण तरी ओरडलं, “भावा, नाद खुळा!” आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी ओरडलं होतं, आणि तेही मला लागल्यावर. पुढचं सगळं तिथंच सुरू झालं असं आता वाटतं.

*

फुटबॉल म्हटलं की लोकांना पाय दिसतात. गुडघा, घोटा, मांडीचा स्नायू. दहा जणांचं तसंच असतं. अकराव्याचं शरीर वेगळ्या ठिकाणी मोडतं.

बोटांपासून सुरुवात करू. बॉलचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. पण तो जोरात येऊन बोटाच्या टोकावर बसला की बोट मागं जातं, नाहीतर शेवटच्या पेरात खाली दुमडतं. भारी ग्लोव्हजमध्ये बोटं मागं वाकू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. आमच्याकडं ग्लोव्हज एका गोलीकडून दुसऱ्याकडं उतरत यायचे, त्यातल्या पट्ट्या कधीच निघून गेलेल्या असायच्या. मग आम्ही दोन-दोन बोटं एकत्र चिकटपट्टीनं बांधायचो. माझ्या डाव्या हाताची अनामिका आजही नीट सरळ होत नाही. अंगठी बसत नाही म्हणून साखरपुड्यात ती दुसऱ्या बोटात घातली, आणि फोटोग्राफर तीन वेळा म्हणाला, “सर, त्या बोटात.”

मग खुबा आणि कोपर. डाइव्ह मारणं टीव्हीवर उडण्यासारखं दिसतं. खरं तर ते पडणं असतं आणि एका प्रॅक्टिसमध्ये तसं पन्नास-साठ वेळा पडायचं असतं. ग्राउंडवरचं गवत सगळ्यात आधी गोलपोस्टच्या समोरचं जातं, कारण गोली तिथंच उभा राहतो, तिथंच उड्या मारतो, तिथंच पडतो. म्हणजे ज्याला पडायचंय त्याच्याच वाट्याला सगळ्यात टणक जमीन. मार्च-एप्रिलमध्ये ती रस्त्यासारखी होते. खुब्यावरची कातडी सोलपटून निघायची, रात्री चादर जखमेला चिकटायची आणि सकाळी आई कोमट पाण्यानं भिजवून ती सोडवायची. ती रोज विचारायची, “दुसरीकडं कुठं खेळता येत न्हाई व्हय तुला? पुढं वगैरे?”

आमच्याच तालमीत कुस्तीचा हौदा होता. त्यातल्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालायचे. रोज पहाटे पोरं फावड्यानं ती माती उकरायची, कारण तिथं माणूस पडणार असायचा. तालमीपासून चालत दहा मिनिटांवर आमचं ग्राउंड. तिथली माती कुणी उकरत नव्हतं.

आणि डोकं. फॉरवर्ड एकटा बॉल घेऊन आला की गोलीनं पुढं जाऊन त्याच्या पायात झोकून द्यायचं असतं, डोकं आधी. १९३१ मध्ये ग्लासगोला सेल्टिकचा जॉन थॉमसन असाच रेंजर्सच्या सॅम इंग्लिशच्या पायात गेला. कवटी फुटली, त्याच रात्री तो गेला. २२ वर्षांचा होता. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये रीडिंगविरुद्ध चेल्सीच्या पेत्र चेकच्या डोक्यात स्टीफन हंटचा गुडघा बसला आणि त्याचीही कवटी फुटली. चेक वाचला. पुढच्या जानेवारीत तो परतला तो डोक्यावर काळं शिरस्त्राण घालून, आणि २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते त्यानं उतरवलं नाही. आम्हाला ती त्याची स्टाइल वाटायची. त्याच मॅचमध्ये चेकच्या जागी आलेला कुडिचिनीसुद्धा हवेतल्या धडकेत बेशुद्ध पडला, आणि शेवटी डिफेंडर जॉन टेरी ग्लोव्हज घालून गोलात उभा राहिला.

धडक दोन्ही बाजूंनी बसते, हेही सांगायला पाहिजे. ५ डिसेंबर २००४ ला बेंगळुरूत फेडरेशन कपची फायनल होती. गोव्याच्या डेम्पोचा ब्राझिलियन फॉरवर्ड क्रिस्टियानो ज्युनियर आणि मोहन बागानचा गोली सुब्रत पाल यांची धडक झाली. क्रिस्टियानो मैदानावर कोसळला आणि वाचला नाही. डेम्पोचे दोन्ही गोल त्यानंच मारले होते. पाल तेव्हा विशीच्याही आत होता. २०११ च्या आशियाई कपमध्ये हाच पाल भारताच्या गोलात उभा राहून दक्षिण कोरियाचे एकामागून एक शॉट अडवत होता, आणि लोक त्याला स्पायडरमॅन म्हणायला लागले. मधल्या सहा-सात वर्षांत कुणी बॉल घेऊन समोर आलं की त्याच्या पोटात काय होत असेल, हा विचार मी बऱ्याच वेळा केलाय. प्रत्येक गोलीला शिकवतात की पुढं जाताना गुडघा वर घ्या, स्वतःला वाचवा. तो गुडघा समोरच्याला कुठं लागेल हे कुणी शिकवत नाही.

एक नियम तुम्हाला कदाचित माहीत नसेल. मैदानावर ज्या खेळाडूवर उपचार होतात त्याला सहसा बाहेर जावं लागतं, खेळ सुरू झाल्यावर रेफ्रीनं खूण केली की मगच आत यायचं. याला जे थोडे अपवाद आहेत, त्यातला एक गोलकीपर. त्याला बाहेर जावं लागत नाही. त्याच्यावर जागेवर उपचार होतात आणि तोपर्यंत सगळे थांबतात. नियम रास्तच आहे, रिकाम्या गोलात खेळणार कसं? पण लहानपणी मी त्याचा अर्थ वेगळा घेतला होता. मला वाटायचं, नियमच सांगतोय की तू बाहेर जायचं नाहीस.

*

आमचे सर पन्नाशीतले. तरुणपणी स्वतः गोली, त्याआधी हौद्यात कुस्ती. फी घ्यायचे नाहीत, उलट पोरांना स्वतःच्या खिशातनं केळी आणायचे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही वाईट काही नाही. पण दुखणं या विषयावर त्यांच्याकडं एकच वाक्य होतं, आणि ते त्यांच्या वस्तादांकडून त्यांना मिळालं होतं: “दुखालंय म्हटलं की दुखतं.”

आणि एक गोष्ट होती. दरवर्षी सीझनच्या आधी सर ती नव्या पोरांना सांगायचे. बर्ट ट्राउटमनची. जर्मन माणूस, दुसऱ्या महायुद्धात पॅराट्रूपर, इंग्रजांच्या कैदेत सापडला, सुटल्यावर तिथंच राहिला आणि मँचेस्टर सिटीचा गोली झाला. १९५६ ची एफए कप फायनल, समोर बर्मिंगहॅम सिटी. मॅच संपायला सतराएक मिनिटं असताना ट्राउटमन समोरच्याच्या पायात गेला आणि गुडघा मानेवर बसला. मान मोडली. तरी तो उठला, शेवटपर्यंत खेळला, आणखी बॉल अडवले, आणि सिटीनं कप जिंकला ३-१. सर गोष्ट सांगून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसायचे आणि मग म्हणायचे, “मान मोडल्याली. आणि तुमी करंगळी धरून बसताय.”

आम्ही हसायचो, पण ते आत जाऊन बसायचं.

*

२०१५ च्या एप्रिलमध्ये मी २१ वर्षांचा होतो. सेमीफायनलचा दुसरा हाफ. उजवीकडं खाली बॉल आला, मी डाइव्ह मारून तो कॉर्नरला काढला, पण पडताना सगळं वजन उघड्या उजव्या तळव्यावर आलं. मनगटात काहीतरी खट्ट झालं. आवाज आला नाही, आतल्या आत जाणवलं. आम्ही टायब्रेकरवर जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं तेव्हा मी डावा हात हवेत हलवत होतो, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

एका पोराच्या लक्षात आलं होतं. ते मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच दवाखान्यात गेलो. एक्स-रे साफ होता. डॉक्टरांनी तरीही अंगठ्याच्या मुळाशी तो खड्डा शोधला आणि बोटानं दाबलं. मी खुर्चीवरून उठलो. ते म्हणाले, “इथं स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं. त्याला चीर गेली असेल तर पहिल्या एक्स-रेत कित्येकदा दिसत नाही. हात प्लॅस्टरमध्ये ठेवू, दहा-बारा दिवसांनी परत फोटो काढू.”

फायनल आठ दिवसांवर होती.

मी म्हणालो, “सर, प्लॅस्टर नको, काढता येईल असा पट्टा द्या. मी घालतो.” त्यांनी नाइलाजानं दिला, आणि चिठ्ठीवर ‘दहा दिवसांनी नक्की’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. पट्टा मी बॅगेत टाकला, चिठ्ठी पाकिटात ठेवली. पेठेत विचारणाऱ्यांना सांगितलं, “एक्स-रे काढला की. क्लिअर हाय.” खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

का केलं असं? फायनल, पेठ, ट्राउटमन, हे सगळं होतंच. पण खरं कारण बेंचवर बसायचं. आमचा दुसरा गोली १७ वर्षांचा होता. सगळे त्याला बारका म्हणायचे. तो माझ्यापेक्षा चांगला होता. हे मला प्रॅक्टिसमध्ये दिसायचं, सरांना अजून दिसलं नव्हतं. टीममध्ये फॉरवर्ड दोन-तीन असतात, मिडफिल्डला चार-पाच जण फिरतात. गोलात जागा एकच. ती एकदा दुसऱ्याकडं गेली आणि त्यानं फायनल काढली, तर परत आपल्याकडं येत नाही. मला स्वतःला ती जागा अशीच मिळाली होती. माझ्या आधीच्याचा खांदा निखळला, मी आत गेलो, आणि त्याचा खांदा बरा झाल्यावरही मी आतच राहिलो.

आठ दिवस मी प्रॅक्टिसला बॉल शक्यतो छातीवर घेतला, नाहीतर डाव्या हातानं काढला. बारका एकदा ग्लोव्हज काढता काढता म्हणाला, “दादा, हात कसा हाय?”

“एकदम झक्कास.”

“नक्की?”

“तुला काय पडलंय?” मी जरा जोरातच म्हणालो. तो गप्प बसला.

फायनलच्या दिवशी दुपारी गोळी घेतली, मनगटाला घट्ट टेप मारला, वर ग्लोव्हज. साठाव्या मिनिटाच्या आसपास त्यांच्या पोरानं डी बाहेरून मारला. बॉल फार भारी नव्हता. माझ्या उजवीकडं, खांद्याच्या उंचीवर. असले बॉल मी झोपेतसुद्धा बाहेर काढायचो. मी वेळेत पोचलो, तळवा बॉलच्या मागं बरोबर गेला. पण मनगटानं धरलंच नाही. दाराची बिजागरी निखळावी तसा हात मागं गेला आणि बॉल माझ्या तळव्यावरून आत.

आम्ही १-० नं हरलो.

कुणी मला काही म्हणालं नाही, हेच जास्त लागलं. “नशीब,” सर म्हणाले. “शॉटच कडक होता,” पोरं म्हणाली. बारक्यानं जवळ येऊन माझे ग्लोव्हज सोडवायला मदत केली, उजवा आधी, अगदी हळू. बेंचवर माझ्यापेक्षा चांगला आणि दोन्ही मनगटं धड असलेला गोली बसला होता, हे त्या स्टेडियममध्ये फक्त मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

*

दहा दिवसांनी मी गेलोच नाही. पाऊस आला, सीझन संपला, दुखणं थोडं कमी झालं. पुढच्या वर्षी पुशअप्स मारताना मनगट वाकेना, तेव्हा परत त्याच डॉक्टरांकडं. या वेळी एक्स-रेत चीर शोधावी लागली नाही. हाडाचे दोन तुकडे सरळ वेगळे दिसत होते.

डॉक्टरांनी कागदावर काजू काढून समजावलं. बहुतेक हाडांना रक्त मिळतं तसं याला मिळत नाही. रक्त बोटांकडच्या टोकातनं आत शिरतं आणि मागं मनगटाकडं येतं. मधेच चीर गेली की मागच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं, म्हणून हे हाड लवकर धरून ठेवलं नाही तर जुळत नाही. ऑपरेशन झालं. माझ्या खुब्याच्या हाडाचा तुकडा काढून मधे बसवला, वर स्क्रू. ज्या खुब्यावर इतकी वर्षं पडलो, त्यातलाच तुकडा. हाड जुळलं. हात मागं वाकणं मात्र अर्ध्यावर आलं. सूर्यनमस्कार घालता येत नाही, जमिनीला हात टेकून उठताना मूठ टेकवतो. गोलात उभं राहणं २२ व्या वर्षी संपलं.

आता मी शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्याकडं कास्टिंगवर लाल रंग लावतात, पुसतात, वर पांढरी पावडर मारतात. केसाएवढी चीर असली तरी तिच्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटून येतो. चीर दिसली की तो पीस बाजूला. कुणी म्हणत नाही की पीस रडतोय, सहन कर म्हणावं.

२७ मे २०१८ ला पहाटे मी मोबाईलवर चॅम्पियन्स लीगची फायनल बघत होतो. कीव्हमध्ये रियाल माद्रिदविरुद्ध लिव्हरपूल. लोरिस कारियुसनं बॉल हातानं सरळ बेंझेमाच्या पायात टाकला. नंतर बेलचा लांबून मारलेला शॉट त्याच्या हातांतून निसटून आत गेला. मीम्स मॅच संपायच्या आधीच सुरू झाल्या. आमच्या ग्रुपवरही, आणि दोन मी स्वतः पुढं पाठवल्या. आठवडाभरानं बातमी आली. पहिल्या गोलच्या जरा आधी रामोसचं कोपर त्याला लागलं होतं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये तपासल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की त्याच्या मेंदूला धक्का बसला होता, आणि नजरेचा, अंतराचा अंदाज बिघडून खेळावर परिणाम झाला असणं शक्य आहे. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, “आता बहाणे.” मी त्या रात्री मीम्स डिलीट केल्या. कारियुसला तेव्हा कदाचित कळलंही नसेल आपल्याला काय झालंय. मला कळलं होतं. माझ्या पाकिटात चिठ्ठी होती, दोन रेघा मारलेली.

त्यानंतर मी ट्राउटमनबद्दल नीट वाचलं. सरांची गोष्ट खरी होती, फक्त दोन गोष्टी त्यात नव्हत्या. एक म्हणजे, मान मोडलीय हे ट्राउटमनला माहीत नव्हतं. काही दिवसांनी एक्स-रे काढला तेव्हा कळलं. मानेचा दुसरा मणका दुभंगला होता आणि तिसरा त्यात असा अडकून बसला होता की तेवढ्यावर तो जिवंत राहिला. दुसरी गोष्ट, १९५६ मध्ये बदली खेळाडूच चालत नव्हता. तो बाहेर गेला असता तर टीम दहा जणांत आली असती आणि गोलात भलताच कुणी उभा राहिला असता. त्याच्या मागं बेंच नव्हता.

माझ्या मागं होता.

*

दोन वर्षांपूर्वी बारक्याचं लग्न झालं. फायनलनंतर दुसऱ्याच वर्षी घरच्या अडचणीमुळं तो पुण्याला नोकरीला गेला होता, फुटबॉल तिथंच सुटला. पेठेच्या टीमकडून तो एकही मोठी मॅच खेळला नाही. जेवणं झाल्यावर मांडवाच्या मागं दोघंच उभे होतो. मी म्हणालो, “एक सांगायचंय. त्या फायनलला माझा हात मोडला होता.”

तो म्हणाला, “माहीत हाय.”

“कसं?”

“सेमीनंतर तू पाण्याची बाटली डाव्या हातानं धरलेलीस. आणि टोपण दातानं उघडलंस.”

“मग सरांना का नाही सांगितलंस?”

त्यानं खांदे उडवले. “तू सांगतोस का, बघत होतो.” मग फेटा सारखा करत हसला आणि म्हणाला, “जाऊ दे की दादा. आइस्क्रीम घेतलंस काय?”

मी आइस्क्रीम घेतलं. कप डाव्या हातात होता, आणि तो बघून परत हसला.

*

रविवारी सकाळी मी आता पोरा-पोरींना गोलकीपिंग शिकवतो. खोरं घेऊन आधी गोलसमोरची माती उकरतो. येणारे-जाणारे विचारतात, काय बाग करालाईस काय.

त्यातली एक पोरगी १५ वर्षांची आहे. सगळ्यात शेवटी उरली म्हणून गोलात आली नाही, स्वतः मागून आली. या जानेवारीत एका रविवारी मी बघितलं, तिनं उजव्या हाताची मधली दोन बोटं एकत्र बांधली होती आणि ग्लोव्हज काढायला ती ग्राउंडच्या पार त्या टोकाला गेली. मी मागं गेलो. चिकटपट्टी सोडायला लावली. मधल्या बोटाचं शेवटचं पेर खाली लोंबत होतं. सरळ कर म्हटलं तर होईना.

“कधी झालं?”

“गुरुवारी.”

“सांगितलं का नाहीस?”

“सांगणार होतो, सर.” (आमच्याकडं पोरीसुद्धा आलो-गेलोच म्हणतात.) “पण पुढच्या रविवारी मॅच हाय. आणि तुमीच म्हणालेला, गोली रडत नसतो.”

मी कधी म्हणालो होतो ते मला आठवत नाही. पण म्हणालो असणार. वाक्य माझंच वाटत होतं, सरांचंही वाटत होतं, आणि त्यांच्या वस्तादांचंही.

तिला मी स्वतः गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं, तिच्या आईला फोन करून. हे दुखणं साधं असतं. बोट सरळ करणारी दोरी शेवटच्या पेराशी तुटते. बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. फक्त ते पेर पट्टीत सरळ ठेवायचं, सहा ते आठ आठवडे, दिवसरात्र. अट एकच, आणि ती कडक आहे. पट्टी धुवायला काढली तरी बोट टेबलावर टेकवून सरळच ठेवायचं. मधे एकदा जरी वाकलं तरी जुळत आलेली दोरी परत तुटू शकते आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. कुणी बघत नसताना वाकलं तरी.

घरी सोडताना मी तिला माझं मनगट दाखवलं, जेवढं वाकतं तेवढं वाकवून. आणि फायनलची गोष्ट सांगितली, बॉल फार भारी नव्हता इथपर्यंत. ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारची मॅच ती बाजूला बसून बघत होती, आणि गोलात उभ्या असलेल्या दुसऱ्या पोरीला ओरडून जागा सांगत होती. आम्ही हरलो.

रोज रात्री मला तिचा मेसेज यायचा, फक्त आकडा. ९. १०. ११. तिसाव्या दिवशी ३० आला आणि पुढं अंगठा वर केलेला इमोजी. मी त्या इमोजीच्या मनगटाकडं उगाच बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. ती रडत होती.

“सर, अंघोळ करताना पट्टी निसटली. वाकलं.”

“किती?”

“थोडंच. कुणालाच कळलं नसतं.” जरा वेळ ती नाक ओढत राहिली. “परत एकपासून काय?”

“डॉक्टरांना विचारू. बहुतेक हो.”

“बरं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्या रात्री मेसेज आला: १.